गॅलरीतील मुले आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील मुलगी
(हार्पर ली यांच्या कादंबरीतील एका साक्षीचा अभ्यास)

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी परदेशी साहित्यातील काय वाचावे, असे विचारले जाते तेव्हा ज्या मोजक्या पुस्तकांची नावे आम्ही सुचवितो, त्यांत ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी असते. अमेरिकन लेखिका हार्पर ली यांची ही कादंबरी जुलै १९६० मध्ये प्रसिद्ध झाली, १९६१ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९६२ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. मॉकिंगबर्ड हा इतर पक्ष्यांच्या सुरांची नक्कल करीत गाणारा, कोणाचेही नुकसान न करणारा पक्षी आहे. अशा पक्ष्याला मारणे हे पाप, या समजुतीवरून कादंबरीला नाव मिळाले.

या कादंबरीचा अभ्यास बहुधा अ‍ॅटिकस फिंच या वकिलाच्या व्यक्तिरेखेवरून केला जातो. ते योग्यच आहे. परंतु प्रस्तुत लेखात आम्ही न्यायालयातील दुसऱ्या दोन जागांकडे लक्ष वेधू इच्छितो. एक जागा वरच्या गॅलरीतील. तेथे तीन मुले कठड्याला टेकून खालचे सर्व पाहत आहेत. दुसरी जागा खालच्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील. तेथे एकोणीस वर्षांची एक गरीब, भेदरलेली मुलगी शपथेवर खोटे बोलत आहे. तिचे बोलणे खोटे आहे, पण तिचे दुःख खोटे नाही. अशा साक्षीदाराकडे कसे पाहावे, तिचे कसे ऐकावे, हा आमच्या अभ्यासाचा विषय आहे.

१. खटला

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात मेकोम नावाचे एक काल्पनिक गाव आहे. काळ १९३० च्या दशकातील, म्हणजे आर्थिक मंदीचा. टॉम रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय शेतमजूर, तीन लेकरांचा बाप, आरोपीच्या जागी आहे. मायेला युवेल या गोऱ्या मुलीवर त्याने बलात्कार केला, असा तिच्या बापाचा आरोप आहे. गुन्हा शाबित झाला तर शिक्षा मृत्यूची. न्यायाधीशांनी आरोपीच्या बचावासाठी अ‍ॅटिकस फिंच यांची नेमणूक केली आहे.

निकाल देणार आहे ती ज्यूरी, म्हणजे नागरिकांतून निवडलेले पंचमंडळ. आपल्याकडेही ही पद्धत होती. मुंबईतील १९५९ सालच्या गाजलेल्या नानावटी खटल्यात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरविले होते आणि पुढे उच्च न्यायालयाने तो कौल फिरविला. मेकोमच्या ज्यूरीतील बाराही जण गोरे पुरुष आहेत. त्या काळी अलाबामात स्त्रियांना ज्यूरीत बसण्याचा हक्क नव्हता आणि कृष्णवर्णीयांची नावे व्यवहारात वगळली जात. म्हणजे ज्याच्या जिवाचा निर्णय व्हावयाचा त्याच्या समाजाचा एकही माणूस निर्णय देणाऱ्यांत नाही, आणि जिच्या साक्षीवर सर्व अवलंबून आहे तिच्यासारखी एकही स्त्री तेथे नाही.

२. मुले कोठे बसली आहेत

कादंबरीची निवेदक स्काउट ही अ‍ॅटिकसची आठ वर्षांची मुलगी. तिचा भाऊ जेम बारा वर्षांचा, आणि सुटीत येणारा डिल हा त्यांचा मित्र. वडिलांना न विचारता ही तिघे न्यायालयात येतात. खाली गोऱ्यांच्या भागात त्यांना जागा मिळत नाही. तेव्हा कृष्णवर्णीयांच्या चर्चचे धर्मोपदेशक रेव्हरंड साइक्स त्यांना वरच्या गॅलरीत नेतात. गॅलरी ही कृष्णवर्णीयांसाठी राखून ठेवलेली जागा. पुढच्या रांगेतील चार माणसे उठून या मुलांना आपल्या खुर्च्या देतात.

या बैठकव्यवस्थेला अर्थ आहे. ज्यांना न्यायदानात काहीही अधिकार नाही, अशा माणसांत ही मुले बसली आहेत. मुलांनाही मत नाही. गोऱ्या वकिलाची ही मुले खाली बसली असती तर त्यांना कदाचित खालच्या लोकांसारखेच दिसले असते. वरून त्यांना साक्षीदार दिसतो, आरोपी दिसतो, ज्यूरीचे चेहरे दिसतात आणि आजूबाजूच्या माणसांचे मौनही ऐकू येते. ज्यांच्या पूर्वजांना देवळाच्या बाहेर, शाळेच्या वर्गाबाहेर, पाणवठ्याच्या कडेला उभे राहून आतले पाहावे लागले, त्यांच्या मुलांना ही गॅलरी निराळी समजावून द्यावी लागत नाही.

३. मायेलाची साक्ष

पहिली साक्ष शेरीफची होते. तो सांगतो, मुलीला मारहाण झाली होती. तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजली होती, उजवा डोळा काळानिळा झाला होता आणि गळ्याभोवती बोटांचे वळ होते. डॉक्टरला कोणीही बोलावले नव्हते. दुसरी साक्ष बापाची, बॉब युवेलची. अ‍ॅटिकस त्याला एका पाकिटावर सही करावयास लावतात. तो डाव्या हाताने लिहितो.

मग मायेला पिंजऱ्यात येते. युवेल कुटुंब गावाच्या उकिरड्यामागे राहते. आई केव्हाच वारलेली. मायेला सर्वांत थोरली आणि तिच्या मागे सात भावंडे. सरकारी मदतीचे पैसे बाप दारूत घालवितो. पाणी झऱ्यावरून आणावे लागते. शाळा दोन-तीन वर्षांत सुटलेली. त्या उकिरड्यापाशी एकच गोष्ट नीटनेटकी आहे: टवके उडालेल्या सहा भांड्यांत लावलेली तांबड्या फुलांची जिरेनियमची झाडे. ती मायेलाने लावली असल्याचे गावात बोलतात. खापरखेड्यासारख्या वीजकेंद्राच्या आणि कोळसा खाणींच्या परिसरात वाढणाऱ्या आमच्या वाचकांना शाळा सोडून धाकट्यांना सांभाळणारी अशी थोरली बहीण अपरिचित नाही.

साक्ष सुरू होण्यापूर्वीच ती रडू लागते. न्यायाधीश विचारतात, कशाची भीती वाटते? ती अ‍ॅटिकसकडे बोट दाखविते. बापाला यांनी पेचात पकडले, तसेच मलाही पकडतील, असे तिला वाटते. सरतपासणीत ती शिकविल्यासारखे सर्व सांगते. उलटतपासणी सुरू झाल्यावर एक विलक्षण प्रसंग घडतो. अ‍ॅटिकस तिला आदरार्थी संबोधनाने बोलावतात आणि तिला राग येतो. हा माणूस आपली टर उडवितो आहे, अशी तक्रार ती न्यायाधीशांकडे करते. न्यायाधीशांना सांगावे लागते की, हे वकील सर्वांशी असेच बोलतात.

मराठी वाचकाने येथे थांबून विचार करावा. आपल्या भाषेत ‘अहो’ आणि ‘ए’ यांच्यात किती अंतर आहे, हे आपणांस माहीत आहे. वयाने वडील असलेल्या माणसालाही ज्या काळी जातीवरून एकेरी हाक मारली जाई, नावाची शेपटी तोडून ‘धोंड्या’, ‘कोंड्या’ केले जाई, त्या काळातील एखाद्या माणसाला कोणी एकाएकी ‘अहो धोंडिबाजी’ म्हटले असते, तर त्यालाही प्रथम ती थट्टाच वाटली असती. जिला जन्मात कोणी मानाने हाक मारली नाही, तिला मान ओळखता येत नाही. मायेलाच्या रागात तिच्या सर्व आयुष्याची हकीकत आहे.

पुढे अ‍ॅटिकस विचारतात, तुला मित्रमैत्रिणी कोण आहेत? तिला प्रश्नच कळत नाही. यातही तिला थट्टा दिसते. बाप तुझ्याशी चांगला वागतो का, या प्रश्नावर ती उत्तर देता देता अडखळते. दारूचा विषय निघतो आणि ती मागे सरते. टॉमने तोंडावर मारले का, या प्रश्नाला ती आधी आठवत नाही म्हणते आणि लगेच मारले म्हणते. अखेरीस अ‍ॅटिकस टॉमला उभे राहण्यास सांगतात. त्याचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडून निकामी झाला आहे. चेहऱ्याच्या उजव्या बाजूला समोरून मार बसतो तो बहुधा डाव्या हाताचा. हे सर्वांना दिसते. तुला मारणारा तुझा बापच नव्हता काय, या प्रश्नावर ती गप्प होते. मग एकदाच त्वेषाने बोलते: टॉमनेच हे केले, आणि तुम्ही सारे काही करणार नसाल तर तुम्ही सारे भित्रे आहात. त्यानंतर ती एका प्रश्नालाही उत्तर देत नाही. नुसती हुंदके देत राहते.

४. तीन मुलांनी पाहिलेल्या तीन गोष्टी

या एका खटल्यातून तीन मुले तीन निरनिराळ्या गोष्टी घेऊन निघतात.

जेमला पुरावा दिसतो. बाप डावखुरा आहे, मार उजव्या बाजूला आहे, टॉमचा डावा हात लुळा आहे; ही साखळी तो आधीच जुळवितो आणि खटला आपण जिंकलाच, असे धरून चालतो. त्याची बुद्धी बिनचूक आहे. पण पुरावा समोर असूनही माणसे विरुद्ध कौल देऊ शकतात, हे त्याला अजून माहीत नाही. टॉम दोषी ठरतो तेव्हा तो रडतो आणि त्याचे बालपण तेथे संपते.

स्काउटला माणूस दिसतो. टॉमची साक्ष ऐकताना तिच्या मनात येते की, ही मायेला जगातील सर्वांत एकाकी मुलगी असावी. गोरे लोक तिला जवळ करीत नाहीत, कारण ती उकिरड्यावर राहते. कृष्णवर्णीय तिच्याजवळ येऊ शकत नाहीत, कारण ती गोरी आहे. तिच्याशी सभ्यपणे वागलेला बहुधा एकटा टॉमच होता. तो जाता-येता तिचे जड काम करून देई आणि पैसे घेत नसे. टॉमच्या सांगण्याप्रमाणे, भावंडांना आइस्क्रीम खायला गावात पाठविण्यासाठी तिने वर्षभर नाणी साठविली, एकांतात टॉमला आपणहून जवळ केले आणि बापाने ते खिडकीतून पाहिले. नंतर जे घडले ते लपविण्यासाठी आणि बापाच्या भीतीने तिने जवळच्या एकमेव सभ्य माणसाला मृत्यूच्या दाराशी नेऊन उभे केले.

डिलला भाषा दिसते. सरकारी वकील टॉमची उलटतपासणी घेताना त्या प्रौढ, कुटुंबवत्सल माणसाला ‘ए पोरा’ अशा सुरात बोलतात. प्रश्नांत काही बेकायदेशीर नाही. विष आहे ते सुरात. डिल हुंदके देऊ लागतो आणि स्काउटला त्याला बाहेर घेऊन जावे लागते. तिला वाटते, सरकारी वकिलांचे कामच आहे ते. डिलचे म्हणणे, असे कोणाशीही बोलण्याचा कोणालाही अधिकार नाही. एकाच न्यायालयात, एकाच दुपारी, एक वकील खोटे बोलणाऱ्या मुलीला मानाने हाक मारतो आणि दुसरा वकील खरे बोलणाऱ्या माणसाला अपमानाने. हा फरक मोठ्यांच्या लक्षात येत नाही. एका लहान मुलाच्या डोळ्यांतून मात्र तो वाहू लागतो.

या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पाहता येणे, यालाच आम्ही साक्ष ऐकणे म्हणतो.

५. जिने साक्ष फिरविली ती मुलगी

कादंबरी काल्पनिक असली तरी तिच्यामागे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचा खरा इतिहास आहे. २५ मार्च १९३१ रोजी अलाबामात एका मालगाडीतून नऊ कृष्णवर्णीय मुलांना उतरवून अटक करण्यात आली. धाकटा तेरा वर्षांचा, थोरला एकोणिसाचा. त्याच गाडीत कापडगिरणीत काम करणाऱ्या व्हिक्टोरिया प्राइस आणि रूबी बेट्स या दोन गरीब गोऱ्या मुली होत्या. त्यांनी बलात्काराचा आरोप केला. स्कॉट्सबरो येथे घाईघाईने खटले चालले आणि गोऱ्या ज्यूरींनी नऊपैकी आठ मुलांना देहान्ताच्या शिक्षेस पात्र ठरविले. १९३२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्यांना वकिलाचे पुरेसे साहाय्य मिळाले नाही म्हणून, त्या शिक्षा रद्द केल्या.

१९३३ च्या एप्रिलमध्ये फेरसुनावणी झाली तेव्हा रूबी बेट्स बचाव पक्षाची साक्षीदार म्हणून उभी राहिली आणि आधीची हकीकत खोटी होती, असे तिने सांगितले. आता तिच्यावर कोणी विश्वास ठेवील, असे वाटते. पण सरकारी पक्षाने तिला विचारले, हे नवे कपडे तुला कोणी घेऊन दिले? ज्यूरीने तिचे खोटे असल्याचे मानून पुन्हा दोषी असाच कौल दिला. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी पुरावा तपासून जूनमध्ये तो कौल रद्द केला. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांना आपले पद गमवावे लागले. त्या तरुणांपैकी तिघांना अलाबामा राज्याने २०१३ साली, मृत्यूनंतर, माफी दिली.

रूबी बेट्सची गोष्ट आम्ही एवढ्यासाठी सांगितली की, ती खोटे बोलली तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवला गेला आणि खरे बोलली तेव्हा नाही. साक्षीदार तीच, पिंजरा तसाच. ऐकणाऱ्यांना जे ऐकावयाचे होते, तेवढेच त्यांनी ऐकले.

६. आपल्या विदर्भातील साक्षीदार

हा दोष फक्त परदेशातील न्यायालयांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. १९७२ साली देसाईगंज येथे, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात (आता हे गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे), एका अनाथ आदिवासी मजूर मुलीवर पोलीस ठाण्याच्या आवारात अत्याचार झाल्याची तक्रार झाली. तिचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान होते. तिचे नाव कायद्याच्या पुस्तकांत छापलेले आहे. येथे आम्ही ते लिहीत नाही.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ साली दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले आणि या मुलीला धडधडीत खोटे बोलणारी ठरविले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल उलटविला. संमती देणे वेगळे आणि भीतीपुढे हतबल होऊन गप्प राहणे वेगळे, हा भेद नागपूरच्या न्यायमूर्तींनी ओळखला. परंतु सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, या गोष्टीला त्या निकालात मोठे वजन दिले गेले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या किंवा तत्सम ताब्यात असलेल्या स्त्रीवर संबंध लादल्याचे सिद्ध झाले आणि माझी संमती नव्हती असे तिने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, अशी तरतूद पुरावा कायद्यात आली.

मायेला आणि ही मुलगी यांची तुलना करून पाहावी. दोघी गरीब, दोघी निराधार, दोघी प्रश्नांच्या माऱ्यापुढे एकट्या. मायेलाच्या विरुद्ध पुरावा बोलत होता, तरी ती गोरी म्हणून तिचे मानले गेले. देसाईगंजच्या मुलीला ती कोण आहे, तिचे आधीचे आयुष्य कसे होते, यावरून आधीच तोलले गेले. दोन्ही ठिकाणी काय सांगितले यापूर्वी कोण सांगते हे पाहिले गेले. म्हणून मायेलाचे खोटे पकडणारा वाचक जर यातून असा अर्थ काढील की तक्रार करणारी मुलगी खोटेच बोलते, तर त्याने कादंबरी उलटी वाचली असे म्हणावे लागेल. मायेलालाही मार बसला होता. तिचा खरा अपराधी न्यायालयातच बसला होता. तो कोण, हे सांगण्याचे धैर्य तिला नव्हते आणि ते धैर्य तिला मिळेल असे वातावरण कोणी निर्माण केले नव्हते.

७. साक्ष देण्याचा हक्क

साक्ष देता येणे हाही एक हक्क आहे आणि तो सर्वांना सदैव नव्हता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदारांचे नियम आहेत. त्यांत कोणी कोणाची साक्ष द्यावी, हे वर्णावरून आणि स्त्री-पुरुष भेदावरून वाटून दिले आहे. द्विजांचे साक्षीदार द्विज आणि अंत्यजांचे साक्षीदार अंत्यज. माणसाच्या शब्दाची किंमत त्याच्या जन्मावर ठरविणाऱ्या त्या ग्रंथाचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे झाले.

१८७२ च्या पुरावा कायद्याने, ज्याला प्रश्न समजतात आणि समंजस उत्तरे देता येतात असा कोणीही साक्षीदार होऊ शकतो, असे तत्त्व स्वीकारले. त्यात जात नाही, धर्म नाही, लिंग नाही. लहान मूलही साक्ष देऊ शकते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली; हे तत्त्व कायम आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या सार्वजनिक जीवनाच्या आरंभीच साक्ष आहे. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे आणि २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुणे येथे सायमन कमिशनपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या वतीने साक्ष दिली. शतकानुशतके ज्यांच्याविषयी इतरांनी बोलावे, ते स्वतः बोलू लागले, हा त्या साक्षींचा अर्थ होता.

आजचा कायदा भेदरलेल्या साक्षीदाराचा विचार अधिक करतो. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार (‘पोक्सो’) मुलाला वारंवार न्यायालयात बोलावू नये, त्याच्यावर आक्रमक प्रश्नांचा मारा होऊ देऊ नये, साक्षीच्या वेळी त्याला आरोपीसमोर आणू नये आणि सुनावणी बंद दाराआड व्हावी, अशा तरतुदी आहेत. पीडित स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष पाडण्याची मुभा देणारे जुने कलम २००३ साली वगळण्यात आले. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले. त्यानुसार त्यांना धमकी, दडपण आणि प्रलोभन यांपासून संरक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला संपूर्ण देशासाठी कायद्याचे बळ दिले. गावातच राहावयाचे असलेला गरीब साक्षीदार का फितूर होतो, याचे उत्तर त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या भीतीत शोधले पाहिजे, हे या तरतुदींनी मान्य केले आहे.

८. करुणा आणि तपासणी

शेवटच्या भाषणात अ‍ॅटिकस ज्यूरीला सांगतात की, फिर्यादी पक्षाच्या मुख्य साक्षीदाराविषयी, म्हणजे मायेलाविषयी, त्यांच्या मनात फक्त दया आहे. पण ती दया एका माणसाचा जीव पणाला लावण्यापर्यंत जाऊ शकत नाही. आमच्या मते संपूर्ण खटल्याचे सार या भूमिकेत आहे. तिची दया यावी म्हणून तिचे खोटे मान्य करावे, असे ते म्हणत नाहीत. तिचे खोटे उघड करावयाचे म्हणून तिला तुडवावे, असेही ते करीत नाहीत. ते तिला प्रश्न विचारतात, सर्व विचारतात, आणि एकदाही तिचा उपमर्द करीत नाहीत.

पंचशीलातील चौथे शील आपण नित्य ग्रहण करतो: असत्य भाषणापासून अलिप्त राहण्याचे. त्या शीलाचा विचार सहसा बोलणाऱ्याच्या बाजूने होतो. या कादंबरीमुळे तो ऐकणाऱ्याच्या बाजूनेही करावा लागतो. मायेलाच्या खोट्यात तिच्या बापाची दारू आहे, गावाने तिला दिलेला एकटेपणा आहे आणि जे ऐकण्यास बारा माणसे आधीच तयार बसली होती, तेच सांगण्याची सोय आहे. यामुळे तिचा दोष नाहीसा होत नाही. टॉम रॉबिन्सन दोषी ठरतो आणि पुढे तुरुंगातून पळण्याच्या प्रयत्नात गोळ्यांना बळी पडतो. त्या मृत्यूच्या हिशेबात मायेलाचा शब्दही जमा आहे. परंतु ज्या गावात खरे बोलणाऱ्याला आधार नसतो, तेथे शील पाळणे एकट्यादुकट्याला किती कठीण जाते, हेही आपण जाणले पाहिजे.

निवासी शाळेत याचा अनुभव रोज येतो. वसतिगृहात एखादी वस्तू हरवते, भांडण होते, कोणाची तक्रार येते आणि कोणाला तरी सर्वांसमोर उभे करून विचारले जाते. त्या वेळी आपण बारा जणांच्या ज्यूरीसारखे वागतो की गॅलरीतील मुलांसारखे, हे तपासून पाहावे. गरीब घरचा, नवा, अडखळत बोलणारा मुलगा खोटाच असेल, किंवा हुशार आणि सर्वांचा लाडका मुलगा खराच असेल, असे आधी ठरवून आपण ऐकतो काय? उद्या यांतील काही विद्यार्थी वकील होतील, पोलीस होतील, शिक्षक होतील. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयात उभे राहतील. बाकीचे कधी ना कधी स्वतः साक्षीदार होतील, निदान गावच्या एखाद्या प्रसंगाचे. त्यांनी जेमप्रमाणे पुरावा पाहावा, स्काउटप्रमाणे माणूस पाहावा आणि डिलप्रमाणे अपमानाचा सूर ओळखावा. यांतील एक सुटले तरी ऐकणे अपुरे राहते, आणि अपुऱ्या ऐकण्याची किंमत बहुधा पिंजऱ्यातील सर्वांत दुबळे माणूस मोजते.

स्वाध्याय

१. मायेलाला आदरार्थी संबोधन थट्टा का वाटते? तुमच्या परिसरातील संबोधनांच्या आधारे उत्तर लिहा.

२. जेम, स्काउट आणि डिल यांपैकी कोणाचे पाहणे तुम्हांला जवळचे वाटते? का?

३. रूबी बेट्सवर दुसऱ्या वेळी विश्वास का ठेवला गेला नसावा?

४. ‘संमती’ आणि ‘भीतीने गप्प राहणे’ यांतील फरक स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.

५. वसतिगृहात एखाद्या मुलाची बाजू ऐकून घेताना पाळावयाचे पाच नियम गटात चर्चा करून तयार करा आणि ते सूचनाफलकावर लावा.